काळाघोड्याचा आकडा आणि पाण्याची जागा

श्रावण लागला की बडोद्यात दोन आकडे घरोघर फिरू लागतात. आजवा किती झाला, आणि काळाघोडा किती झाला. आजवा सरोवराची पातळी २१२ फुटांच्या पुढे सरकली आणि काळाघोडा पुलाखाली विश्वामित्री नदी २० फुटांवर आली, की वडसर-कलालीकडची माणसं फ्रीजखाली विटा लावायला घेतात, मुजमहुड्यात तळघरातल्या गाड्या बाहेर निघतात, समा भागातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. २६ फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात हा आकडा ३७ फुटांच्या आसपास गेला आणि शहराचा मोठा भाग तीनेक दिवस पाण्यात राहिला.

हे दोन्ही आकडे कामाचे आहेत. पण ते उंची सांगतात, आणि उंची हे पुराचं लक्षण आहे. पुराचा जमाखर्च मांडायचा तर पाणी किती घनमीटर आलं, किती तासांत आलं आणि वाटेत त्याला थांबायला किती जागा होती, हे पाहावं लागतं. नदी खोल करायची असो, तलाव सजवायचा असो की नवी टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, मंजूर करायची असो, बडोद्याने यापुढे प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: यामुळे किती घनमीटर पाणी किती तास थांबून राहील? ज्या योजनेत याचं उत्तर नाही, ती एका वस्तीतलं पाणी दुसऱ्या वस्तीत लोटण्याची योजना आहे, मग तिच्यावर कितीही कोटी खर्च होवोत.

प्रश्न आताच विचारायचा, कारण आभाळाचा स्वभाव बदलला आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. हा भौतिकीचा जुना नियम आहे, त्यात मतमतांतराला जागा नाही. समुद्र तापला की बाष्पीभवन वाढतं, जमीन तापली की मातीतली ओल लवकर उडते, आणि ही सगळी वाफ हवेत साठत राहते. मग पाऊस आणणारी एखादी हवामान प्रणाली आली की साठलेलं थोड्या तासांत ओतलं जातं. म्हणून जलचक्र तापण्याचे दोन परिणाम एकदम दिसतात: कोरडे दिवस वाढतात आणि पडतो तेव्हा पाऊस जोरात पडतो. जुलैभर विहिरीकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आणि ऑगस्टमध्ये गच्चीवर अडकलेला शहरवासी, दोघेही एकाच कारणाची फळं भोगत असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. आणि त्याच पट्ट्यात मोसमी पावसाची एकूण बेरीज वाढलेली नाही. सरासरी पाहणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही, तासांचा पाऊस पाहणाऱ्याला सगळं दिसतं.

बडोद्याने दोन्ही तऱ्हा अनुभवल्या आहेत. ३१ जुलै २०१९ ला शहरात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक दिवसाच्या बारा तासांत. वर्षाची सरासरी हजाराच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या शहरात निम्म्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. २०२४ ची तऱ्हा वेगळी होती. पूर्वेकडून आलेला तीव्र कमी दाबाचा पट्टा जमिनीवरून सरकताना विरून जाईल, ही नेहमीची अपेक्षा. पण ओल्या, भिजलेल्या जमिनीवरून त्याला वाफ मिळत राहिली, तो गुजरातवर रेंगाळला आणि ३० ऑगस्टला अरबी समुद्रात उतरून त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची याआधीची घटना १९७६ ची. २०१९ मध्ये पाऊस शहरावर कोसळला. २०२४ मध्ये शहरावर, आजव्यावर आणि पावागढच्या पायथ्यापासूनच्या सगळ्या पाणलोटावर दिवसरात्र पडत राहिला. पहिल्या प्रकारात गटारं हरतात, दुसऱ्यात नदी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि बडोद्यातली बहुतेक चर्चा त्यांची सरमिसळ करते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हवामानबदल हे खरं कारण आहे, पण ते आता सोयीचं कारणही झालं आहे. जुलै १९२७ मध्ये गुजरातभर हाहाकार उडवणारा पूर आला होता, तेव्हा हवा आजच्याइतकी तापलेली नव्हती. पाऊस किती पडेल हे महापालिकेच्या हातात नाही, पण पडलेलं पाणी कुठे जाईल हे बऱ्याच अंशी तिच्याच नकाशावर ठरतं.

आधी गटारांचं पाहू, कारण तिथला हिशोब कुणालाही घरी बसून करता येतो. पावसाळी पाण्याचा पाइप किती मोठा हवा हे ठरवताना अभियंते तीन आकड्यांचा गुणाकार करतात: क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा. त्याला ३६० ने भागलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळतं. एक हेक्टर मोकळ्या, झाडाझुडपांच्या जमिनीवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ३० टक्के वाहिला, तर सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी निघतं. त्याच हेक्टरवर घरं, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं आणि वाटा ८० टक्क्यांवर गेला, की सेकंदाला १११ लिटर. पाऊस तोच, जमीन तीच, पाणी अडीचपटीहून जास्त.

आता पाइप. ६०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप ५०० मीटरला एक मीटर उतारावर घातला, तर भरून वाहताना तो सेकंदाला साधारण २७५ लिटर पाणी नेतो. म्हणजे पूर्ण बांधलेल्या अडीच हेक्टरांना पुरेल एवढंच. बडोद्याची जमीन सपाट. इथे एवढा उतार सगळीकडे मिळत नाही. उतार २००० ला एक झाला की तोच पाइप निम्मं पाणी नेतो. त्यात तळाशी एकतृतीयांश उंचीपर्यंत गाळ बसला तर आणखी ४० टक्के क्षमता जाते. गाळ फक्त जागा खातो असं नाही, उरलेल्या जागेच्या मानाने पाण्याला घासायला जास्त पृष्ठभाग देतो, म्हणून तोटा जागेपेक्षा मोठा असतो. नव्या पाइपांच्या निविदा निघतात तेव्हा हे लक्षात ठेवावं: जुना पाइप जूनपूर्वी नीट साफ करणं म्हणजे जवळजवळ अर्धा नवा पाइप फुकट मिळवणं. पण गाळ काढून मॅनहोलच्या काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, आणि हे दर वर्षी घडतं. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला नाही तर कंत्राटदाराचं बिल थांबावं, इतकं साधं कलम करारात हवं.

पाइप साफ असला तरी पुढचं संकट त्याच्या तोंडाशी आहे. शहरातले काँस, म्हणजे भुखी काँससारखे उघडे पावसाळी नाले, आणि पाइप शेवटी विश्वामित्रीतच उघडतात. नदी त्या तोंडाच्या वर चढली की पाणी उलटं फिरतं. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं आणि तरी रस्त्यावरच्या जाळीतून पाणी वर येतं, ते यामुळे. त्यावरचा उपाय म्हणजे तोंडाला बसवलेलं एकेरी झडपेचं दार, फ्लॅप गेट. आतून दाब आला की उघडतं, बाहेरून आला की मिटतं. ते कशाने बिघडतं हेही ठरलेलं आहे: बिजागरी गंजते, झडपेच्या फटीत चिंध्या आणि प्लास्टिक अडकतं, आणि दार बोटभर उघडं राहतं. बोटभर फटीतूनही रात्रभरात सोसायटीचं तळघर भरतं. म्हणून मे महिन्यात प्रत्येक दार हाताने उघडून-मिटून पाहावं लागतं, कागदावर ‘तपासलं’ लिहून चालत नाही.

आणि दार चोख मिटलं तरी काम अर्धंच होतं. आतल्या वस्तीवर पाऊस पडतच असतो आणि त्याला आता वाटच नसते. म्हणून जिथे फ्लॅप गेट तिथे पाणी साठवायचा हौद आणि ते नदीत उचलून टाकणारा पंप हवाच, आणि तो पंप डिझेलवर चालणारा हवा. पूर आला की सुरक्षेसाठी त्या भागातली वीज बंद करतात, मग विजेवरचा पंप नेमका गरजेच्या वेळी मुका होतो. पंपाचा पॅनल जमिनीलगत असला तर तो आधी बुडतो. २०२४ च्या पाणीपातळीच्या वर निदान दोन फुटांवर तो हवा. मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनांनाही हेच लागू आहे. ती बंद पडली की शौचालयातून उलटं पाणी येतं आणि पुराला रोगराई चिकटते.

हे झालं शहरावर पडणाऱ्या पावसाचं. नदीच्या पुराचं माप वेगळ्याच पट्टीतलं आहे, आणि लोकांच्या मनातला सगळ्यात लाडका उपाय, नदी खोल-रुंद करण्याचा, इथेच तपासायला हवा.

२०२४ च्या पुरानंतर जलतज्ज्ञ बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रात खोलीकरण-रुंदीकरण झालं. पात्रात वर्षानुवर्षं टाकलेला बांधकामाचा राडारोडा काढणं योग्यच होतं, त्याबद्दल दुमत नसावं. पण या कामाकडून अपेक्षा किती ठेवायची? समजा पात्राचा छेद सगळीकडे ६० चौरस मीटरने वाढवला, म्हणजे ३० मीटर रुंदीत दोन मीटर खोल खणलं. २४ किलोमीटरांत ही जागा होते १४ लाख ४० हजार घनमीटर. ऐकायला भलतीच मोठी. आता शहर पाहा. महापालिकेची हद्द सुमारे २२० चौरस किलोमीटर. त्यावर एक इंच पाऊस म्हणजे जवळपास ५६ लाख घनमीटर पाणी. त्यातलं ७० टक्के वाहून निघालं तर ३९ लाख. म्हणजे खणून काढलेली सगळी जागा शहरावरच्या अर्ध्या इंच पावसालाही पुरत नाही, आणि यात वरून, हालोल-पावागढच्या बाजूने, सूर्या नदीतून आणि आजव्यातून येणारं पाणी धरलेलंच नाही.

खोलीकरणाचे समर्थक यावर म्हणतील की नदी साठवण्यासाठी नसते, वाहून नेण्यासाठी असते. पात्र मोठं झालं की पाणी लवकर निघून जाईल. मुद्दा खरा आहे, पण निघून जाईल कुठे? बडोद्याच्या खाली विश्वामित्रीला उतार फार थोडा आहे. ती पुढे करजण तालुक्यात ढाढर नदीला मिळते. ढाढरमध्ये देव नदीवरच्या धरणाचं पाणी त्याच दिवसांत उतरत असतं, आणि ढाढरचं मुख खंभातच्या आखातात आहे, जिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. ढाढर तुडुंब असताना विश्वामित्री तिला पाणी देऊ शकत नाही. ते मागे थोपतं आणि फुगवटा शहराकडे सरकत येतो. अरुंद तोंडाच्या बाटलीचा मधला भाग फुगवला म्हणून ती लवकर रिकामी होत नाही. आणि वाटेत जी गावं आहेत, त्यांच्या शेतात बडोद्याचं पाणी पूर्वीपेक्षा लवकर पोचतं. ती माणसं आपल्या मतदारसंघात नसतील, पण आपल्या नदीवर तर आहेत.

आकड्यांत पाहायचं तर, समजा शहरातून सेकंदाला ५०० घनमीटर पाणी सुखरूप जाऊ शकतं. दहा इंच पावसातलं फक्त शहराचं वाहतं पाणी ३ कोटी ९० लाख घनमीटर. ते जायला साडेएकवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागेल, तेही वरून थेंबभर पाणी येत नाही असं धरून. एवढे तास पाणी कुठेतरी थांबणारच. प्रश्न इतकाच, की ते आपण ठरवून ठेवलेल्या जागी थांबेल की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.

म्हणून आजव्याकडे यावं लागतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून हे सरोवर बांधलं गेलं. बडोद्याच्या कित्येक पिढ्या त्या पाण्यावर वाढल्या. पण त्याचा जन्म पाणी साठवण्यासाठी झाला, पूर अडवण्यासाठी नाही, आणि ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाणीपुरवठ्याला सरोवर भरलेलं हवं, पुराला रिकामं. त्याचे ६२ दरवाजे सांडव्याच्या माथ्याशी आहेत, त्यांचा ताबा वरच्या काही फुटांवरच चालतो. पावसाळ्याच्या आरंभी पातळी २११ फुटांच्या आसपास ठेवायची आणि मोसम सरत जाईल तशी २१४ पर्यंत चढवायची, अशी साधारण चाल आहे. ही चाल कॅलेंडरवर चालते. पाऊस आता कॅलेंडरवर चालत नाही.

ऐन वादळात पातळी पटकन खाली आणू म्हटलं तर काय होतं? समजा सरोवराचा पसारा १० चौरस किलोमीटर आहे. एक फूट पाणी म्हणजे ३० लाख ५० हजार घनमीटर. सेकंदाला एक घनमीटर उपसणारा भलामोठा पंप दिवसाला ८६,४०० घनमीटर काढतो. एक फूट उतरवायला त्याला ३५ दिवस लागतील. म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून काही साधत नाही. एकतर मोसमभर दोन-तीन फूट जागा राखून ठेवायची, नाहीतर खालच्या पातळीवर मोठा निर्गम, म्हणजे तळाजवळून पाणी सोडणारी वाट, बांधायची. म्हणजे तीन दिवस आधीचा अंदाज आला की नदी कोरडी असतानाच पाणी सोडता येईल. दुसरा उपाय महाग आहे पण पन्नास वर्षं टिकणारा आहे. पहिला उपाय याच जूनपासून करता येतो.

त्याला विरोध होतो तो पाणीटंचाईच्या भीतीने. ही भीती खोटी नाही. पूर्व भागातली कुटुंबं आजव्याच्या पाण्यावर आहेत आणि पाऊस दगा देतो तेव्हा त्यांचे नळ आधी आटतात. पण आज बडोदा एकट्या आजव्यावर जगत नाही. मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं, म्हणजे वाळूतून गाळून येणारं पाणी उपसणाऱ्या मोठ्या विहिरींचं, पाणी शहराला मिळतं. पूर्व भागाच्या जलवाहिन्या महीच्या जाळ्याला नीट जोडल्या, तर ऑगस्टमध्ये आजवा दोन फूट कमी ठेवण्याचा धोका परवडण्याजोगा होतो. पूरनियंत्रणाच्या यादीत या जोडणीचं नाव सहसा नसतं, कारण ती पाणीपुरवठा खात्याची फाइल. माझ्या मते तीच शहरातली सगळ्यात स्वस्त पूरनियंत्रण योजना आहे.

दुसरी अडचण माणसांची आहे. भरलेलं सरोवर अंदाजावर भरवसा ठेवून उतरवलं आणि पाऊस आलाच नाही, तर जाब अधिकाऱ्याला विचारला जातो. भरलेलं तसंच ठेवलं आणि पूर आला, तर दोष आभाळाला जातो. अशा व्यवस्थेत कोणता अधिकारी दरवाजा आधी उघडेल? म्हणून नियम लिहिलेला आणि जाहीर हवा: हवामान खात्याने पाणलोटात चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे त्यांच्या भाषेत अत्यंत मुसळधार पावसाचा इशारा दिला, तर अमुक पातळीपर्यंत उतरवायचंच. नियमाप्रमाणे वागलेल्या माणसाला पाऊस न आल्याबद्दल कुणी धारेवर धरणार नाही, हेही त्याच कागदावर. आणि सोडलेलं पाणी फुटांत न सांगता क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात, तासातासाला, लोकांपुढे यावं. ‘आजवा २१२.८५’ वाचून कलालीतल्या कुटुंबाला काहीच कळत नाही. ‘आजव्यातून आत्ता इतके हजार क्यूसेक निघाले, काळाघोड्याला अमुक वाजता पोचतील’ हे वाचून ते म्हाताऱ्या सासूबाईंना वेळेत भावाकडे हलवू शकतं.

जागेचा तिसरा साठा शहरातच आहे आणि आपण तो हौसेने गमावतो आहोत. बडोदे तलावांचं गाव. तलावाचं काम पावसाळ्यात पाणी घेणं. दहा हेक्टरांचा तलाव १५ जूनला एक मीटर रिकामा असेल तर तो एक लाख घनमीटर पाणी घेतो. असे वीस तलाव म्हणजे २० लाख. वर मानलेल्या नदीच्या संपूर्ण खोलीकरणापेक्षा जास्त. पण सुशोभीकरणात होतं काय? काठाला सिमेंटची भिंत येते, भोवती चालायचा रस्ता येतो, आणि ज्या ओघळींतून पाणी आत यायचं त्यांची तोंडं भिंतीत बुजतात. मग पाणी कारंज्यांसाठी, बोटींसाठी बारमाही काठोकाठ राखलं जातं. पाऊस आला की तलावात जागा नाही आणि भिंतीबाहेरच्या गल्लीत गुडघाभर पाणी. रोषणाई करायला हरकत नाही. पण प्रत्येक तलावाला आत येणारी वाट, तिच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा, बाहेर जाणारी वाट आणि १५ जूनची ठरलेली पातळी हवी, आणि ती पातळी काठावर रंगवलेली हवी, म्हणजे फिरायला येणारे आजोबाही विचारू शकतील की पाणी रेषेच्या वर का?

खंभाती कुव्यांबद्दल सध्या खूप बोललं जातं. विटांच्या जाळीदार भिंतीचा हा शोषविहिरीचा प्रकार चांगला आहे, पण त्याच्याकडून योग्य तेच मागावं. तो भूजल भरतो आणि एक-दोन इंचांच्या पावसात चौकातलं पाणी हटवतो. आठवडाभर पाऊस पडून भूजल वर आलं की त्यात पाणी मुरेनासं होतं. काळ्या मातीच्या पट्ट्यात तर लवकरच: उन्हाळ्यात भेगाळलेली ती माती पहिला पाऊस घटाघटा पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत जाऊ देते. कुव्याच्या आधी गाळाचा हौद आणि गोटे, खडी, जाड वाळू असे गाळणीचे थर नसतील तर दोन पावसाळ्यांत तो बुजतो. मैलापाण्याचा पाइप जवळून जात असेल तर तिथे कुवा करूच नये. रस्ता कोरडा होईल पण बोअरचं पाणी नासेल.

सगळ्यात मोठा साठा मात्र नदीच्या दोन्ही अंगांच्या कोतरांचा, म्हणजे घळींचा. विश्वामित्री सरळ वाहत नाही, नागमोडी जाते, आणि तिच्या वळणांत, घळींत, पाणथळीत पूर पसरतो, थबकतो, हळूहळू उतरतो. ही पडीक जमीन म्हणून सात-बारावर नोंदली गेली असेल, पण ती नदीची गच्ची आहे. भराव टाकून ती सपाट केली, त्यावर इमारत उभी केली, की जितका भराव तितकं पाणी दुसऱ्याच्या घरात. तेव्हा भरावालाही घनमीटरचाच नियम लावावा: पूरक्षेत्रात जो जितका भराव टाकेल त्याने त्याच पातळीवर, नदीच्या त्याच टप्प्यात तितकंच खोदून जागा करून द्यावी, देता येत नसेल तर परवानगी नाही. पुलांच्या जोडरस्त्यांचे मातीचे भरावही याच नियमात यावेत, कारण ते पूरमैदानावर आडवे घातलेले बांधच असतात. तिथे खांबांवरचा रस्ता महाग पडतो, पण पाणी खालून जातं.

पूरक्षेत्र कुठपर्यंत, यावर वर्षानुवर्षं वाद घालायचं कारण नाही. २०२४ च्या पाण्याने स्वतःच भिंतींवर रेघ ओढून दिली. दुर्दैवाने तिचं आयुष्य दिवाळीच्या रंगकामापर्यंतच असतं. पूर ओसरल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत सर्वेक्षकांनी लेव्हल मशीन घेऊन गल्लोगल्ली त्या रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवली, तर नकाशा तयार होतो आणि त्यावर कोणी हरकत घेऊ शकत नाही. बांधकाम परवानगीत जोत्याची उंची या रेघेवरून ठरावी, रस्त्यावरून नव्हे. कारण रस्ताच दर काही वर्षांनी वर चढतो. जुना थर न खरवडता दर वेळी चार-पाच सेंटिमीटर डांबर अंथरलं की पाच वेळांत रस्ता वीतभर उंच होतो, आणि रस्त्यापेक्षा दीड फूट उंच बांधलेलं जोतं एका पिढीत जवळपास रस्त्याला टेकतं. जुनं डांबर खरवडल्याशिवाय नवा थर नाही, हे कलमही पूरनियंत्रणातच मोडतं.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो विश्वामित्रीत मगरींनी आधीच सोडवून ठेवला आहे. २०२५ च्या गणनेत शहराच्या पट्ट्यात ४४२ मगरी मोजल्या गेल्या. त्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फेब्रुवारीपासून त्या काठाच्या मातीत अंडी घालू लागतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर, जूनच्या सुमारास बाहेर पडतात. झाडांची मुळं काठ धरून ठेवतात. तिथे यंत्राने उभा कापून गुळगुळीत केलेला काठ पहिल्याच मोठ्या पाण्यात ढासळतो आणि काढलेला गाळ परत पात्रात येतो. म्हणजे मार्च ते जून हा नदीत पोकलेन उतरवण्याचा काळ नव्हे, आणि नेमक्या याच महिन्यांत आपण घाईने पात्र खणतो, कारण पावसाळा जवळ आलेला असतो. राडारोडा आणि गाळ काढायचा असेल तर पाणी उतरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने हातात असतात. त्यासाठी कार्यादेश दिवाळीपूर्वी निघायला हवा. कार्यादेशासाठी निविदा सप्टेंबरमध्ये उघडायला हवी. आणि निविदेसाठी कुठे किती घनमीटर काढायचं याची मोजणी जूनपूर्वीच झालेली हवी. म्हणजे यंदाच्या पावसाआधी मोजलेलं काम पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडतं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही तरतूद पूर येण्याआधी, कोरड्या फेब्रुवारीत मागावी लागते, जेव्हा काळाघोड्याचा आकडा कुणीच विचारत नसतं.